कळलावीचं गहाळ पान

वेलींच्या पुस्तकातलं एक पान नाहीसं झालंय हे कळलं, त्या दिवशी मी ग्रंथालयात उभ्या उभ्या जाऊन येणार होतो. माझी बायको जाऊन थोडेच दिवस झाले होते. तिच्या वस्तू आवरायला मेव्हणी आली होती. कपाटाला हात लावायच्या आधी तिने उशाशी पडलेलं ते अवजड पुस्तक उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "भाऊजी, आधी परक्याचं परत करा. आपलं काय, सावकाश आवरू."

पुस्तक उशीएवढं होतं आणि उशीपेक्षा बरंच जड. डाव्या पानावर वेलीची माहिती, उजव्या पानावर तिचं चित्र, असं शेवटपर्यंत. चित्रं जुन्या पद्धतीची, हाताने रंगवलेली, प्रत्येक चित्रावर पातळ कागदाचा पडदा. आमच्या घराला अंगण नाही. एक गॅलरी आहे आणि तिच्यात वॉशिंग मशीन आहे. बाग करायची सोय नाही म्हणून ही बागेचं वाचायची. झोपायच्या आधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, मांडीवर टॉवेल पसरायचा आणि त्यावर पुस्तक घ्यायचं. शेजारी बसून मी बिस्कीट खाल्लं, तर बिस्कीट आणि मी दोघांनाही स्वयंपाकघरात जावं लागे.

ग्रंथपालबाई करड्या शिस्तीच्या. "बाईंचं कळलं. वाईट झालं," एवढं म्हणून त्यांनी पुस्तक पुढे ओढलं आणि एकेक पान उलटायला लागल्या. मी म्हटलं, "जमा करून घ्या, मी निघतो." त्या म्हणाल्या, "चित्रांचं पुस्तक तपासल्याशिवाय जमा होत नाही." माझ्यामागे रांग लागली. रांगेतले लोक आधी कंटाळले, मग पुढे वाकून चित्रं बघायला लागले. जवळजवळ शेवटाकडे बाई थांबल्या.

"कळलावी आहे," त्या म्हणाल्या. "कळलावीचं चित्र नाही."

डाव्या पानावर कळलावीची सगळी माहिती होती आणि उजवीकडे एकदम पुढची वेल सुरू होत होती. मधल्या शिवणीत कागदाची एक बारीक कड तेवढी उरली होती. पडदाही गेला होता.

"आधीच गेलेलं असेल," मी म्हटलं.

"शेवटच्या तपासणीत सगळी पानं होती."

"कशावरून?"

"तपासणी झाली होती."

पुढे असं निघालं की हे पुस्तक ही फार वर्षं वापरत होती. दर वेळी आणायची, मुदत वाढवायची आणि परत घरी न्यायची. मुदत वाढवताना तपासणी होत नाही, ती जमा करताना होते. त्यामुळे पान कधी गेलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, पण कुणाच्या नावावर असताना गेलं हे सगळ्यांना सांगता येत होतं.

मी वजनमापे खात्यात निवृत्त होईपर्यंत तपासनीस होतो. दुकानांतले तराजू तपासून त्यांवर शिक्का मारणं हे माझं काम. 'तपासणी झाली होती' या शब्दांत काय काय मावतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. पण ते बोलून दाखवायची ती जागा नव्हती आणि मागे रांग होती.

ग्रंथालयाच्या दारात काचेची एक पेटी आहे. इमारतीच्या रंगकामासाठी ग्रंथालय बंद राहील, अशी सूचना तिच्यात कित्येक वर्षं होती. रंग उडाला तरी सूचना निघाली नाही, कारण पेटीची किल्ली सापडत नव्हती. त्या दिवशी ती सापडली. शिपायाने माझ्यादेखत जुनी सूचना काढली आणि नवा कागद लावला. वर मथळा, 'ग्रंथांची हानी करणारे सभासद'. खाली हिचं नाव. दुसरं नाव नव्हतं. लोक इतके सज्जन असतील असं मला वाटत नाही, पण कागदावर तसं दिसत होतं.

"हे काढायला काय करावं लागेल?" मी विचारलं.

"पान आणून द्यावं लागेल."

"पैसे भरले तर?"

"पुस्तक बाजारात मिळत नाही. पानाच्या जागी पान, असा नियम आहे. आणि वार्षिक सभेच्या आत आणा. सभेत ही नावं वाचून दाखवतात."

मला त्या पानाशी काही देणंघेणं नव्हतं. कळलावी म्हणजे काय, हेही मला धड माहीत नव्हतं. पण हात धुतल्याशिवाय पुस्तकाला न शिवणाऱ्या बाईचं नाव भर सभेत हानी करणाऱ्यांत वाचलं जाणार, हे मला मान्य नव्हतं.

घरी आल्यावर मेव्हणीला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, रागावू नका. पण ताईला त्या फुलांचं वेड होतं. तिनेच काढून कुठे ठेवलं असेल तर?"

मी संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोललो नाही. मग चहा करायचा होता आणि साखरेचा डबा तिने कुठे ठेवला ते तिलाच माहीत होतं, म्हणून बोलावं लागलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना न समजणारा विषय अजून निघायचा आहे. हिने त्यांचं नाव सर्वज्ञ ठेवलं होतं, आणि त्यांच्यासमोर चुकून तोंडातून निघू नये म्हणून आम्ही दोघं त्यांच्याशी फार जपून बोलायचो. त्यांना जिन्यात माझ्याकडून कळलं. ते म्हणाले, "अहो, एवढंच ना? इंटरनेटवरून काढा, छापा, चिकटवा. सगळं जग तेच करतंय."

मी छापून घेतलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे छायाचित्र आहे. पुस्तकात चित्रं आहेत." सर्वज्ञ म्हणाले, "मग चित्रकार गाठा." मी पाट्या रंगवणारा एक चित्रकार गाठला. त्याने फूल काढलं, ते सुंदरच होतं, पण त्यावर दवबिंदू होते, एका पाकळीवर फुलपाखरू होतं आणि कोपऱ्यात उगवता सूर्य. मी विचारलं, "सूर्य कशाला?" तो म्हणाला, "त्याशिवाय उठाव येत नाही." ग्रंथपालबाईंनी तेही परत केलं. शेवटी त्यांनी समितीला विचारून मला अट सांगितली. चित्र हाताने काढलेलं हवं, जिवंत झाड समोर ठेवून काढलेलं हवं आणि वनस्पतिशास्त्राच्या जाणकार माणसाने ते मान्य केलेलं हवं.

"मापाला पुस्तक लागेल," मी म्हटलं. "कागद कसला, चित्र केवढं, रंग कसे, हे बघितल्याशिवाय कसं काढणार?"

इथे घोडं पेंड खायला लागलं. मी ग्रंथालयाचा सभासद नाही. सभासद नसलेल्याला पुस्तक घरी नेता येत नाही. सभासद व्हायचं तर एका घरात एकच कार्ड. हिचं कार्ड रद्द करावं तर त्यावर पुस्तकाचा वाद चालू, आणि वाद चालू असताना कार्ड रद्द होत नाही. बाईंनी बराच वेळ पेन्सिल दातांत धरून विचार केला आणि पुस्तक पुन्हा हिच्याच नावावर देऊन टाकलं. "सही तुम्ही करा," त्या म्हणाल्या, "करिता म्हणून." दारातल्या पेटीत हिचं नाव तसंच राहिलं. हानी करणारी म्हणून नाव दारात आणि तेच पुस्तक पुन्हा तिच्याच नावावर घरात. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही.

कळलावीचा कंद मी रोपवाटिकेतून आणला. नांगराच्या फाळासारखा वाकडा, दोन बोटं जाड. रोपवाटिकेच्या माळ्याने सांगितलं, "उभा पुरा." सर्वज्ञांनी सांगितलं, "आडवा पुरा." मी दोघांचा मान राखून तिरका पुरला. वॉशिंग मशीन सरकवून कुंडीला जागा केली, त्यामुळे मशीनचा पाइप नळापर्यंत पोचेना, त्यामुळे धुणं हाताने, पण ती वेगळी कथा आहे.

काही उगवेना. आता माझा स्वभाव सांगायला हवा. जे दिसत नाही त्यावर मी शिक्का मारत नाही. दर आठवड्याला मी माती हलक्या हाताने बाजूला करायचो, कंद बाहेर काढायचो, पट्टीने मोजायचो, सगळीकडून बघायचो आणि पुन्हा पुरायचो. वाढ शून्य. शेवटी कंद घेऊन रोपवाटिकेत गेलो आणि माळ्याला म्हटलं, "माल खराब दिलात." त्याने कंदाचं टोक बघितलं. "याला एकच डोळा असतो साहेब. इथं होता. मोडलाय. उकरलं होतं काय?"

मी म्हटलं, "तपासणी केली होती."

दुसरा कंद आणला. मेव्हणीने कुंडीवर उलटी चाळणी ठेवली आणि मला बजावलं, "आता हिला हात लावाल तर खबरदार. तराजू नाहीये तो."

दुसऱ्या कंदाला कोंब आला आणि मग तो थांबेना. या वेलीची गंमत अशी की तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं लांब होतं आणि मिळेल त्याला वेटोळं घालतं. मी तिच्यासाठी काठी रोवली होती, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने धुण्याची दोरी धरली, दोरीवरून गज धरला, गजावरून वर सर्वज्ञांच्या गॅलरीतून लोंबणारी त्यांची बनियन धरली आणि बनियनीवरून थेट त्यांच्या घरी गेली. बनियन दोन दिवस वाळत पडली होती म्हणे. वरच्या वहिनींनी ती ओढली तर आमच्या बाजूने वेल ताणली गेली. मी खालून ओरडलो, "वहिनी, सोडा." त्या वरून म्हणाल्या, "काका, आमची बनियन आहे."

"माझी वेल आहे."

"तुमची वेल आहे तर आमच्या घरात काय करतेय?"

शेवटी सर्वज्ञांनी मोठ्या मनाने बनियन वेलीला दिली.

कळ्या आल्या त्या अर्थातच वरच्या गॅलरीत. खाली माझ्या वाट्याला कुंडी, माती आणि देठ. झाड समोर ठेवून चित्र काढायचं तर झाडाच्या समोर बसायला हवं, म्हणजे सर्वज्ञांच्या घरी. मी रोज सकाळी अंघोळ करून, कागद, रंगांची पेटी, पट्टी आणि माझा जुना कॅलिपर घेऊन वर जायला लागलो. पाकळीची लांबी, देठाची जाडी, सगळं मोजून कागदावर घेत होतो. पहिलं पान काढून झाल्यावर वरच्या वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "छान आहे. पाना आहे का?"

"पान आहे."

"हो का. मला नट आवळायचा पाना वाटला."

सर्वज्ञ समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू दे गं. या वयात मन कशात तरी रमलेलं बरं." मग मला म्हणाले, "छंद चांगला धरलात. दुःख हलकं होतं."

मी त्यांना सांगितलं की हा छंद नाही, नुकसानभरपाई आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इमारतीत त्या दिवसांत माझ्या खांद्यावर कुणीही हात ठेवायचं. निवृत्त होईपर्यंत ज्या खांद्याला कुणी शिवलं नव्हतं, तो आता जिन्याच्या कठड्यासारखा झाला होता.

मग कुणीतरी सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवलं की कळलावी विषारी असते. ते खरंच आहे. पुस्तकातच लिहिलंय की सगळं झाड विषारी, आणि कंद तर फारच. फलकावर सूचना लागली की दोन मजल्यांना जोडणारी विषारी वनस्पती तत्काळ काढून टाकावी. मी सेक्रेटरींकडे गेलो.

"कोण खाणार आहे ती?" मी विचारलं.

"प्रश्न खाण्याचा नाही. नावच बघा ना. कळ लावणारी."

"तुमच्या फिनेलच्या बाटलीवर तर कवटी छापलेली असते."

"फिनेल जिन्यावर चढत नाही."

सेक्रेटरी स्वतः पाहणी करायला आले. नेमकी त्याच सकाळी पहिली कळी उमललेली होती. पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहिलेल्या, कडा लाटांसारख्या, रंग पोपटी पिवळा. सेक्रेटरींनी पाहिलं, मग मोबाइलवर तिचा फोटो काढला, मग वहिनींना फुलाशेजारी उभं करून काढला, मग स्वतः उभे राहिले. सूचना फलकावरून निघाली नाही, पण तिच्याखाली 'पाहणी झाली' असं लिहिलं गेलं. तपासणी काय असते ते मी आधी सांगितलंच आहे.

मी फूल काढलं. हुबेहूब पिवळं. दिवसभर बसून, पाकळ्यांच्या लाटा मोजून. दुसऱ्या दिवशी बारकावे भरायला गेलो तर फूल नारिंगी. मला वाटलं माझ्या डोळ्यांत काही बिघाड झाला. वहिनींना विचारलं, "काल हे पिवळंच होतं ना?" त्या म्हणाल्या, "तुमच्या चित्रात पिवळं आहे, म्हणजे असेल." मी चित्रात नारिंगी चढवला. तिसऱ्या दिवशी टोकं लाल. मी लाल चढवला. त्यानंतर सगळंच लाल. मी जितका रंग चढवावा तितकं फूल पुढे पळे. शेवटी कागद ओला होऊन भोकाला आला आणि पाकळीच्या जागी विटेचा तुकडा पडल्यासारखा दिसायला लागला. सर्वज्ञ म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." मला बोलायचं होतं, पण मी त्यांच्या घरात, त्यांच्या स्टुलावर, त्यांच्या कपातला चहा पीत बसलो होतो.

नवीन कागद घेतला. सुदैवाने वेलीवर कळ्या भरपूर होत्या. या वेळी मी रोज वेगळं फूल काढलं, हिरव्या कळीपासून लालभडक फुलापर्यंत, एकाच देठावर. हे माझ्या मनाने केलं आणि ते बरोबर ठरलं, एवढीच या सगळ्या प्रकरणातली माझी कमाई.

वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. मी पुस्तक बरोबर नेलं होतं, त्याच्या शेजारी चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "फुलं बरी आहेत. झाड कुठाय?"

"हे काय झाड आहे ना."

"फळ नाही. बी नाही. कंद नाही. हे फुलाचं चित्र झालं. अशा ग्रंथात झाडाचं चित्र असतं."

मग त्यांनी मला त्या पुस्तकातलंच दुसरं एक पान उघडून दाखवलं. मी ते पुस्तक इतके महिने मापासाठी उघडत होतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एकाच वेलीवर कळी, उमललेलं फूल, हिरवं फळ आणि वाळून फुटलेलं फळ. खाली मुळं धुऊन ठेवलेली, बाजूला बी कापून दाखवलेलं. असं झाड कुठेच नसतं. कुठल्याही एका दिवशी झाड असं दिसत नाही. बाई म्हणाल्या, "चित्रकार वर्षभर बसतो. जे ज्या वेळी येईल ते त्या वेळी काढतो आणि सगळं एका पानावर ठेवतो. वाचणाऱ्याला झाड कधीही भेटलं तरी ओळखता आलं पाहिजे."

मला ही रोज रात्री त्या पानांत एवढं काय बघत बसायची, हे तेव्हा थोडंसं कळलं. मी बाईंना म्हटलं, "बरं."

फळ धरण्याचा मामला अवघड निघाला. कळलावीच्या फुलाचा मधला दांडा काटकोनात बाजूला वळलेला असतो, आपल्याच परागांपासून तोंड फिरवून. फुलपाखरं आमच्या इमारतीकडे फिरकत नाहीत. बाई म्हणाल्या, "कुंचल्याने तुम्हीच करा. एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावा." ते मी वरच्या गॅलरीत करत होतो, जिभेचं टोक बाहेर काढून, अगदी हलक्या हाताने, तेवढ्यात वहिनी आणि त्यांच्या दोन मैत्रिणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हे काय रंगवताय?"

"रंगवत नाही."

"मग?"

मी वजनमापे खात्यात होतो. मला खोटं बोलता येत नाही. मी काय करतोय ते शास्त्रीय शब्दांत सांगितलं. मैत्रिणींपैकी एक आत निघून गेली आणि आतून उशीत तोंड खुपसल्यासारखा आवाज येत राहिला. वहिनी मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे स्थळ जमवताय. मग नीट बघून जमवा. ते कोपऱ्यातलं फूल जरा वयस्कर वाटतंय."

चार फळं धरली. हिरवी, लांबट, बोटाएवढी. ती मी काढली. पण फळ पिकून फुटल्याशिवाय बी दिसत नाही, आणि वेल पूर्ण वाळल्याशिवाय कंद उकरायचा नाही, नाहीतर फळ पिकायच्या आधीच वेल जाईल. म्हणजे एक हवं तर दुसरं थांबवायचं. आणि वार्षिक सभा तर आली.

सभेला मेव्हणी माझ्यासोबत आली. वहिनी आणि सर्वज्ञही आले, सभासद नसूनही. चित्र मी पुठ्ठ्यात बांधून नेलं होतं. अर्धवट होतं, पण निदान दाखवता येईल, मुदत मागता येईल, असा विचार होता. भाषण मनात तयार केलं होतं. त्यात हिचे हात धुण्याचा उल्लेख होता आणि तो मी दोनदा काढून दोनदा घातला होता.

अध्यक्ष एकेक विषय संपवत त्या विषयावर आले. "ग्रंथांची हानी करणारे सभासद," त्यांनी वाचलं. मेव्हणीने माझी बाही धरली. मी उठलो. अध्यक्ष म्हणाले, "बोला." मी उभाच राहिलो. मग मेव्हणी बसल्या जागेवरून म्हणाली, "त्यांना बोलायचंय. जरा दम धरा."

तेवढ्यात ग्रंथपालबाई उठल्या. "हे नाव वाचता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"हानी जमा केलेल्या पुस्तकाची धरतात. हे पुस्तक जमा नाही. सभासदाकडे आहे. मुदत मी वाढवलेली आहे."

"पण सभासद..." अध्यक्ष थांबले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"सभासदाचं कार्ड चालू आहे," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "पुस्तक परत येईल तेव्हा तपासू. तोपर्यंत नियमात बसत नाही."

मागून कुणीतरी विचारलं, "परत कधी येणार?"

ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुठ्ठा सोडून चित्र वर धरलं. मागच्यांना कितपत दिसलं माहीत नाही. म्हटलं, "काम चालू आहे. फळ पिकायचंय."

अध्यक्ष पुढच्या विषयावर गेले. तो पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरचा होता आणि त्यावर फार वेळ चर्चा झाली. सभा संपल्यावर शिपायाने दारातली पेटी उघडली आणि हिच्या नावाचा कागद काढला. रंगकामाची जुनी सूचना त्याने जपून ठेवली होती. ती पुन्हा लावली.

जाताना ग्रंथपालबाईंनी मला बाजूला घेतलं. "एक सांगून ठेवते," त्या म्हणाल्या. "पान झालं की पुस्तक जमा करून घ्यावंच लागेल. आणि पुस्तक जमा झालं, वाद मिटला, की कार्ड रद्द. मग मला काही करता येणार नाही."

मी म्हटलं, "नियम आहे."

"हो. नियम आहे."

त्यानंतर फळं पिकली. उभी तडकली. आत मण्यांसारखं लाल बी. मी ते मोजून काढलं. एक बी ब्लेडने मधोमध कापलं, तेही काढलं. प्राध्यापिकाबाईंनी भिंगातून पाहिलं आणि "ठीक" म्हणाल्या. त्यांच्याकडून ठीक म्हणजे पुष्कळ. वेल वाळली. वहिनींनी वाळलेली टोकं हळूच सोडवून बनियन परत काढून घेतली. तिला भोकं पडली होती, तरी सर्वज्ञ ती घालतात.

माती कधीच कोरडी झाली आहे. सर्वज्ञ म्हणतात, आता खणायला काहीच हरकत नाही. बाई म्हणतात, खणा. मेव्हणी गेल्या रविवारी येऊन कुंडीकडे बघून गेली. तिने वॉशिंग मशीन जागेवर सरकवायचा विषयही काढला नाही. पुस्तकाची मुदत मी पुन्हा वाढवून आणली. सही केली, करिता म्हणून.

कंदाचं चित्र काढायचं राहिलं आहे.